रुग्णालय चालवण्याचे शास्त्र: नोकरी सांभाळून आरोग्यसेवा प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यास

महाराष्ट्रातील बहुतेक रुग्णालयांत प्रशासनाची खुर्ची ज्येष्ठतेने मिळते. पंधरा-वीस वर्षे शस्त्रक्रिया केलेला सर्जन एके दिवशी वैद्यकीय अधीक्षक होतो, वॉर्ड उत्तम सांभाळणारी इन्चार्ज सिस्टर पुढे मेट्रन होते आणि एमबीबीएस होऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकताच रुजू झालेला वैद्यकीय अधिकारी तर पहिल्याच आठवड्यापासून औषधांचा साठा, रुग्णवाहिकेच्या डिझेलचा हिशेब, कर्मचाऱ्यांच्या रजा आणि रुग्ण कल्याण समितीचा निधी या सगळ्याला जबाबदार असतो. अंदाजपत्रक कसे मांडावे, ड्युटीचे वेळापत्रक कशाच्या आधारे ठरवावे, एखादे यंत्र घ्यावे की घेऊ नये हे कसे तपासावे, यातले त्यांच्या मूळ शिक्षणात फारच थोडे आलेले असते. ही माणसे अनुभवातून शिकतात आणि त्यांतली कित्येक जण फार चांगली शिकतात. पण ती शिकत असताना होणाऱ्या चुकांची किंमत रुग्णांना आणि हाताखालच्या कर्मचाऱ्यांना मोजावी लागते. म्हणूनच आरोग्यसेवेत आधीपासून काम करणाऱ्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी, फार्मासिस्टनी, फिजिओथेरपिस्टनी आणि तंत्रज्ञांनी हा विषय रीतसर शिकावा असे मला मनापासून वाटते. त्यात नेमके काय शिकवतात आणि अभ्यासक्रम निवडताना काय पाहावे, हे पुढे सविस्तर मांडले आहे.

हा विषय विद्यापीठात शिकवण्यासारखा आहे, ही कल्पना तशी जुनी आहे. शिकागो विद्यापीठात १९३४ मध्ये मायकेल डेव्हिस यांच्या पुढाकाराने रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला आणि भारतात दिल्लीच्या एम्सने साठच्या दशकात डॉक्टरांसाठी या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. तरीही 'रुग्णालय चालवायला वेगळे काय शिकायचे?' हा प्रश्न आजही सर्रास विचारला जातो. त्याचे उत्तर एका साध्या, रोज घडणाऱ्या गोष्टीतून देता येते, ती म्हणजे डिस्चार्ज.

सकाळी साडेनऊच्या राउंडला डॉक्टर रुग्णाला 'आज घरी जायचे' असे सांगतात. नातेवाईक सामान आवरून बसतात. आरएमओला, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याला, डिस्चार्ज समरी लिहायची असते, पण तेवढ्यात दोन नवे रुग्ण दाखल होतात आणि समरी पूर्ण व्हायला बारा वाजतात. उरलेली औषधे परत करण्यासाठी वॉर्डबॉय मामा फार्मसीच्या खिडकीवर जातात, तर तिथे विक्री आणि परतावा दोन्ही पाहणारा माणूस एकच असतो. एका तपासणीचा अहवाल संगणकात चढलेला नसतो, म्हणून बिल बंद होत नाही. बिल झाले की ते अंतिम मंजुरीसाठी टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडे जाते. रुग्ण खाट सोडतो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. मग मावशी खाट पुसून चादर बदलतात आणि दुपारपासून इमर्जन्सीत स्ट्रेचरवर थांबलेला रुग्ण वॉर्डात येतो. या साखळीत कामचुकार कोणीच नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी धावतच आहे आणि तरीही रुग्णाचे साडेआठ तास गेले आहेत.

वॉर्डातली सिस्टर हे रोज पाहते, पण तिच्याकडे ते मोजण्याचे साधन नसते. प्रशासनाच्या अभ्यासात ते साधन मिळते. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम तिथे शिकवतात: एखाद्या ठिकाणी सरासरी किती माणसे असतील, हे तिथे दररोज येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम इतके असते. समजा, शंभर खाटांच्या रुग्णालयात रोज २० रुग्ण दाखल होतात आणि सरासरी ४ दिवस राहतात. म्हणजे कोणत्याही वेळी सुमारे ८० खाटा भरलेल्या असतात. आता वर सांगितलेल्या उशिरातले फक्त ६ तास, म्हणजे पाव दिवस, कमी केला तर सरासरी मुक्काम ३.७५ दिवसांवर येतो आणि भरलेल्या खाटा ७५ होतात. एकही वीट न रचता पाच खाटा मोकळ्या झाल्या. जिथे दाखल होण्यासाठी रुग्ण रांगेत आहेत, तिथे या पाच खाटांवर वर्षभरात आणखी सुमारे ४८५ रुग्णांवर उपचार होऊ शकतात. नवा मजला बांधण्याचा प्रस्ताव घेऊन व्यवस्थापनाकडे जाण्याआधी हे गणित करून पाहणारा माणूस रुग्णालयात असणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

गणित झाले की उशीर नेमका कुठे होतो ते शोधायचे. त्यासाठी तीस-चाळीस डिस्चार्जच्या प्रत्येक टप्प्याची वेळ वहीत टिपावी लागते: समरी कधी झाली, औषधे कधी परत गेली, बिल कधी बंद झाले, टीपीएला विनंती कधी गेली आणि मंजुरी कधी आली. 'विमा कंपनीच उशीर करते' असे सगळे म्हणतात. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार, रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आहे. ही विनंती रुग्णालयातून बाराला निघते की तीनला, हे मात्र रुग्णालयाच्याच हाती असते. आदल्या संध्याकाळी समरीचा कच्चा मसुदा तयार ठेवला आणि परताव्याची औषधे सकाळच्या पहिल्या राउंडआधीच वेगळी काढली, तर बहुतेक वेळा एवढ्यानेही बराच फरक पडतो.

दुसरे उदाहरण परिचारिकांच्या संख्येचे आहे आणि ते मला अधिक जवळचे वाटते, कारण या एका हिशेबाच्या चुकीमुळे कितीतरी सिस्टर थकून नोकरी सोडतात. बारा खाटांच्या आयसीयूत दोन खाटांमागे एक परिचारिका ठेवायची, म्हणजे प्रत्येक पाळीत सहा जणी हव्यात. पाळ्या तीन, म्हणून अठरा जणी पुरतील असे व्यवस्थापन धरते. पण एक जागा वर्षभर चोवीस तास भरलेली ठेवायची तर ३६५ गुणिले ३, म्हणजे १०९५ पाळ्या भरायला लागतात. एक परिचारिका वर्षात किती पाळ्या करते? ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा, सण, आजारपण, प्रशिक्षण यांचे मिळून समजा ३८ दिवस वजा केले, तर उरतात २७५. एका जागेसाठी जवळजवळ चार जणी लागतात आणि त्या आयसीयूला चोवीस जणींची गरज असते. अठरांवर आयसीयू चालवायचा तर उरलेल्या सहा जणींचे काम दुहेरी ड्युट्या, रद्द झालेल्या रजा आणि सलग नाइट यांतून काढून घेतले जाते. हा हिशेब कागदावर मांडता येणारी मेट्रन आणि 'स्टाफ कमी पडतो' एवढेच म्हणू शकणारी मेट्रन, या दोघींना बैठकीत मिळणाऱ्या उत्तरांत फरक असतो. तक्रार दोघींची एकच, आणि खरीच असते.

पैशांचा भाग अनेकांना परका वाटतो. रुग्णाच्या आजारात पैसा आणू नये, ही भावना चांगली आहे. पण धर्मादाय रुग्णालयालाही पगार, वीज आणि ऑक्सिजनचे बिल द्यावेच लागते. या विषयात पहिली गोष्ट शिकवतात ती स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतला फरक. समजा, एका डायलिसिस विभागाचा महिन्याचा स्थिर खर्च ३ लाख रुपये आहे, प्रत्येक डायलिसिसला १५०० रुपये मिळतात आणि त्यातले ९०० रुपये डायलायझर, द्रव आणि इतर साहित्यात जातात. दर वेळी ६०० रुपये हाती राहतात. म्हणून खर्च भरून निघायला महिन्याला ५०० डायलिसिस व्हायला हवीत. सहा यंत्रे रोज तीन पाळ्यांत महिन्याचे २६ दिवस चालवली, तरी ४६८ च होतात. मग सातवे यंत्र घ्यायचे? त्याने स्थिर खर्चही वाढतो. साहित्याच्या खरेदीचा दर कमी करून घ्यायचा, की एखाद्या ट्रस्टकडून तूट भरून घ्यायची? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनांत प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो, त्यामुळे आपला खरा खर्च किती हे माहीत नसलेले रुग्णालय एक तर योजनेतून बाहेर पडते किंवा नकळत रुग्णाच्या काळजीत काटछाट करते. दोन्हींत गरीब माणसाचेच नुकसान आहे.

गुणवत्तेचा भाग या सगळ्यावर पसरलेला आहे. अवेदिस डोनाबेडियन या वैद्यकाने १९६६ मध्ये आरोग्यसेवेची गुणवत्ता तीन अंगांनी पाहावी असे मांडले: रचना, प्रक्रिया आणि फलित. हात धुण्याचे बेसिन आहे का, ही रचना. प्रत्येक रुग्णाआधी हात धुतले जातात का, ही प्रक्रिया. वॉर्डात जंतुसंसर्ग कमी झाला का, हे फलित. एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मानांकनाची तयारी केलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल, कारण तिथेही धोरण लिहिलेले आहे का, ते पाळले जाते का आणि त्याचे आकडे काय सांगतात, हेच तपासले जाते. तपासणीच्या आदल्या महिन्यात रजिस्टरे भरून काढण्याची जी धावपळ अनेक ठिकाणी चालते, ती डोनाबेडियनच्या तीन अंगांपैकी पहिल्याच अंगावर अडकल्याची खूण आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न तर जिवाशी गाठ घालणारा आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळांचा जीव गेला. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. विजेचा भार किती आहे, धूर ओळखणारी यंत्रणा चालू आहे का, रात्रपाळीला कक्षात कोण असते आणि बाळांना बाहेर काढण्याचा सराव कधी झाला, हे प्रश्न कोणत्याही बालरोगतज्ज्ञाच्या परीक्षेत येत नाहीत. ते प्रशासनाचे प्रश्न आहेत आणि ते वेळेवर विचारणे ही कोणाची तरी नेमून दिलेली जबाबदारी असावी लागते.

कायद्याचा अभ्यासही यातच येतो. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली होते आणि २०२१ मध्ये त्याचे नियम बदलल्यावर रुग्णहक्कांची सनद आणि उपचारांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम, गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा, वैद्यकीय सेवेला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल, हे सगळे शिकावे लागते. सोनोग्राफीचा एक फॉर्म अर्धवट भरल्याने केंद्र सील होऊ शकते, हे माहीत असलेल्याला या पाठांतराचा कंटाळा येत नाही.

आता अभ्यासक्रमांकडे येऊ. एमबीबीएस झालेल्यांना नीट-पीजी या प्रवेशपरीक्षेद्वारे (एम्ससाठी आयएनआय-सीईटीद्वारे) तीन वर्षांचे एमडी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन करता येते; पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये हा विषय दीर्घकाळ शिकवला जातो. हे पूर्णवेळ शिक्षण आहे, त्यामुळे चालू नोकरी किंवा प्रॅक्टिस बाजूला ठेवावी लागते. बाकीच्यांसाठी दोन वर्षांचे एमएचए, म्हणजे रुग्णालय प्रशासनातील पदव्युत्तर पदवी, किंवा रुग्णालय व्यवस्थापनातील एमबीए असते. मुंबईत देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था आणि पुण्यात सिम्बायोसिसची आरोग्यविज्ञान संस्था ही यातली ठळक नावे. या वर्गांत बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस झालेली मुले-मुली मोठ्या संख्येने दिसतात, तर परिचारिका त्या मानाने फार थोड्या. याचे मला वाईट वाटते, कारण रुग्णालयाची नाडी चोवीस तास ज्यांच्या हाताखाली असते त्या परिचारिकाच असतात.

नोकरी सोडणे शक्य नसलेल्यांसाठी तिसरा मार्ग आहे. काही संस्था नोकरदारांसाठी एक्झिक्युटिव्ह पदविका चालवतात. त्यांत वर्षभरात ठरावीक दिवस संस्थेत जाऊन सलग शिकायचे आणि उरलेला अभ्यास कामाच्या जागी राहून करायचा, अशी पद्धत असते. इग्नूसारखी मुक्त विद्यापीठे दूरशिक्षणाने रुग्णालय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका देतात. यांत प्रवेश घेण्याआधी पदवी आणि पदविका यांतला फरक नीट समजून घ्यावा. सरकारी पदाच्या जाहिरातीत पदव्युत्तर पदवी मागितली असेल, तर पदविका चालत नाही. दूरशिक्षणाचा किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचे आणि त्याच अभ्यासक्रमाचे नाव त्या वर्षासाठी आहे का, हे स्वतः पाहावे. प्रवेश देणाऱ्या एजंटच्या शब्दावर विसंबू नये. तीन महिन्यांत 'मास्टर्स' देणाऱ्या जाहिरातींचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, पण नोकरीच्या छाननीत टिकत नाही. शिकण्यासाठी अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्या मराठी दंतवैद्यांनी आणि फिजिओथेरपिस्टनी तिथल्या एमएचए अभ्यासक्रमाला केहमी (CAHME) या, आरोग्य व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेचे मानांकन आहे का, ते तपासावे.

मान्यता पाहून झाल्यावर मी ज्या गोष्टीला सर्वांत जास्त महत्त्व देतो, ती म्हणजे प्रकल्प. चांगल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला स्वतःच्या रुग्णालयातला एक खरा प्रश्न घेऊन त्याची मोजणी करावी लागते आणि शिक्षक त्या आकड्यांवर त्याला उलटसुलट प्रश्न विचारतात. जिथे प्रकल्प म्हणजे मागच्या वर्षीच्या फाइलचे मुखपृष्ठ बदलणे असते, तिथे शुल्क भरून हाती फारसे काही लागत नाही. संस्थेला भेट देऊन आधीच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रकल्प पाहायला मागावेत. ते दाखवायला संस्था तयार नसेल, तर तेवढ्यावरूनही पुरेसे कळते.

नोकरी आणि अभ्यास एकत्र करताना खरी अडचण बुद्धीची नसते, ड्युटीची असते. संपर्कवर्गांच्या तारखा हातात आल्या, की त्याच दिवशी त्या इन्चार्जकडे लेखी द्याव्यात आणि बदली ड्युटीची व्यवस्था महिनाभर आधी ठरवावी; ऐनवेळी मागितलेली रजा सहकाऱ्यांच्या माथी पडते आणि मग सगळा वॉर्ड तुमच्या शिक्षणावर नाराज होतो. सलग नाइटच्या आठवड्यात नवा विषय वाचायला घेऊ नये. त्या दिवसांत फार तर आकडे नोंदवावेत. सांख्यिकी आणि हिशेब या दोन विषयांची भीती बहुतेकांना असते. औषधाचा डोस वजनावरून काढणाऱ्या आणि ड्रिपचे थेंब मिनिटावर बसवणाऱ्या सिस्टरला त्रैराशिक नवे नसते. तिला फक्त ताळेबंदाच्या ओळी एकदा कोणीतरी शेजारी बसून वाचून दाखवाव्या लागतात.

प्रकल्पाचा विषय लहान घ्यावा. 'जिल्ह्यातील आरोग्यसेवेचा दर्जा' असा विषय घेतलेल्याच्या हाती शेवटी चाळीस पानी प्रस्तावना राहते. 'आमच्या ऑपरेशन थिएटरमधली पहिली केस वेळेवर का सुरू होत नाही' हा विषय घेतला, तर महिनाभराच्या नोंदींतून बरेच काही बाहेर येते: रुग्ण वॉर्डातून उशिरा निघाला, संमतीपत्रावर सही राहिली, सीएसएसडीतून, म्हणजे उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या विभागातून, सेट आला नव्हता, की भूलतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयातून येत होते. व्यवस्थापनाची लेखी परवानगी आणि जिथे लागेल तिथे नीतिशास्त्र समितीची मान्यता घ्यावी. रुग्णांची नावे आणि नोंदणी क्रमांक आपल्या तक्त्यात मुळातच उतरवू नयेत; फाइल घरच्या संगणकावर जाते तेव्हा ही खबरदारी फार उपयोगी पडते. आणखी एक नाजूक गोष्ट अशी, की अशा अभ्यासातून कोणाचा तरी उशीर आकड्यांत दिसतो. तो माणूस आपला रोजचा सहकारी असतो, म्हणून निष्कर्ष लेखी देण्याआधी त्याच्याशी बोलावे. अनेकदा तोच सांगतो, की दोन खिडक्यांचे काम त्याच्या एकट्याच्या अंगावर आहे.

पुढे काय मिळते, याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पदवी हाती आली म्हणून पगार आपोआप वाढत नाही आणि प्रॅक्टिस कमी करून प्रशासनात आलेल्या डॉक्टरचे उत्पन्न काही काळ घटूही शकते. गुणवत्ता विभाग, ऑपरेशन्स, विमा आणि योजनांचा कक्ष, खरेदी, नर्सिंग अधीक्षक अशी पदे खासगी रुग्णालयांत निघतात. त्यांत वॉर्डाचा अनुभव असलेल्या माणसाला, वॉर्ड कधीच न पाहिलेल्या व्यवस्थापन पदवीधरापेक्षा कामाची समज लवकर येते. सरकारी सेवेत पद तेच राहते, पण तालुका आरोग्य अधिकारी किंवा वैद्यकीय अधीक्षक म्हणून काम करताना निधीची मागणी, औषधांचे इंडेंट आणि मनुष्यबळाचा प्रस्ताव अधिक बळकटपणे मांडता येतो.

प्रवेश घेण्याआधी आपल्या रुग्णालयाशीही मोकळेपणाने बोलून घ्यावे. काही ठिकाणी शुल्काचा भाग रुग्णालय उचलते आणि त्या बदल्यात दोन-तीन वर्षे तिथेच काम करण्याचा बाँड लिहून घेते. तो वाचल्याशिवाय सही करू नये. मुदत किती, मधेच सोडल्यास किती रक्कम परत द्यायची, आणि शिक्षण संपल्यावर कोणते पद मिळणार हे त्यात लिहिले आहे का, हे तीन मुद्दे पाहावेत. तिसरा मुद्दा बहुतेक बाँडमध्ये नसतो. तो लिहून मागण्याची योग्य वेळ प्रवेशाआधीची असते, कारण नंतर तो मिळवणे फार कठीण जाते.